पात्र अजून झालं नाही

"तिथे पाय ठेवू नका! तापलंय ते!"

थानित जागच्या जागी थांबला. एक पाय हवेत, दोन्ही हात पसरलेले. ख्वानने हातोडी खाली ठेवली आणि नुकतंच भट्टीतून काढलेलं लोखंडी पात्र चिमट्याने बाजूला ओढलं.

"आता ठेवलात तरी चालेल."

"नक्की?"

"पाय तुमचा आहे. तुम्हीच ठरवा."

तो आईबरोबर टेकडीवरच्या सोनेरी देवळात आला होता. आई वर घंटांच्या रांगेपाशी रेंगाळली आणि त्या घंटानादाच्या खालून त्याला वेगळाच आवाज ऐकू आला. टक्... टक्... टक्. त्या आवाजामागे तो टेकडी उतरला, दोन रस्ते ओलांडले आणि एक माणूस जेमतेम मावेल अशा बोळातून इथवर पोचला. वर शेकडो लोक फोटो काढत होते. इथे कुणीच नव्हतं. एक मुलगी, भट्टीपाशी वाकलेले तिचे वडील आणि भिंतीला ओळीने टेकवलेली भिक्षूंची पात्रं.

ख्वानने पुन्हा हातोडी उचलली. समोरचं पात्र अजून अर्धवट होतं, आठ तुकड्यांचं, सांध्यांवर तांब्याचे लालसर डाग दिलेलं. शेजारी एक पुरं झालेलं होतं. थानितने ते अलगद उचललं, सगळीकडून बोटं फिरवली. सांधा सापडेना. पुन्हा फिरवली.

"हे... हे तुम्ही हाताने केलंत?"

"पायाने अजून जमत नाही."

तो हसला नाही. त्या पात्राकडे बघतच राहिला, आणि मग तिच्याकडे. ख्वानला पहिल्यांदाच आपल्या काजळलेल्या हातांची लाज वाटली.

"मी जन्मापासून बँकॉकमध्ये आहे," तो हळूच म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"मला एक हवंय. माझ्यासाठीच."

ख्वानची हातोडी थांबली. तिची नजर नकळत त्याच्या दाट केसांवर गेली. भिक्षू व्हायचं म्हणजे ते उतरवणार... भुवयासुद्धा.

"एकच वर्षावास," तो घाईने म्हणाला. "आषाढी पौर्णिमेआधी दीक्षा. पावसाळ्याचे तीन महिने विहारात. आईची फार इच्छा आहे. भिक्षू झालेल्या मुलाच्या भगव्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गात जाते म्हणतात ना."

"चौथ्या रविवारी मिळेल," वडील भट्टीपासूनच म्हणाले.

खरं तर त्याला मधल्या रविवारी यायची काहीच गरज नव्हती. पण तो आला. उलट्या खोक्यावर बसून, गुडघ्यांवर कोपर टेकून, आपलं पात्र आकार घेताना बघत राहिला. बोलायचा थोडं. नदीच्या वळणात, बांग काचाओमध्ये त्याचं घर होतं. बंदराच्या समोरच, म्हणे, पण तिथे नुसतं रान. घरांकडे जायला दलदलीवर उभारलेल्या अरुंद फरशीवाटा.

"बँकॉकमध्ये रान? आणखी काय, हत्ती नाहीत?"

"हत्ती फरशीवर मावत नाहीत."

ती मान खाली घालून हसली आणि हातोडीचा एक घाव चुकला. वडिलांनी वर पाहिलं.

चौथ्या रविवारी ती म्हणाली, "अजून झालं नाही. सांध्यातून पाणी झिरपतंय."

पाचव्या रविवारी म्हणाली, "काठ वाकडा आलाय."

सहाव्या रविवारी तिला कारणच सुचेना. "म्हणजे... अजून... रंग नीट चढला नाहीये."

पात्र केव्हाच झालं होतं. तिच्या कपाटात, ओढणीत गुंडाळलेलं. रात्री ते तिथे आहे या विचाराने तिला झोप लागत नसे. एका आईचं पुण्य आपण अडवून धरलंय, हे तिला कळत होतं. पण शेजारच्या लेकमावशीचा भाऊही तीन महिन्यांसाठीच गेला होता. त्याला बावीस वर्षं झाली. तो अजून उत्तरेकडच्या अरण्यविहारात आहे, आणि मावशी सांगते, चेहऱ्यावर इतकी शांती की परत ये म्हणायला जीभच रेटत नाही.

सातव्या रविवारी थानित म्हणाला, "आज पात्र राहू दे. चल, हत्ती दाखवतो."

'चल' म्हणाला तो. 'चला' नाही.

छोट्या होडीने पाच मिनिटांत नदी ओलांडली. पलीकडे दोन सायकली. मग खरोखरच रान सुरू झालं. निपा माडांची पानं डोक्यावर कमान करून उभी होती, खाली काळं संथ पाणी, आणि मध्ये जेमतेम दोन हात रुंदीची वाट, कठड्याशिवाय. समोरून एक आजी सायकलवर आल्या. दोघांनी उतरून अंग चोरलं.

"तोल सांभाळ गं, पडलीस तर खेकड्याशीच लग्न लागेल!" आजी म्हणाल्या आणि निघूनही गेल्या.

ख्वानला हसू आलं नाही. तिने वर पाहिलं होतं. पानांच्या फटीतून पलीकडच्या काठावरचे उंच मनोरे दिसत होते, धुरकट, स्वप्नात असावेत तसे. इथे मात्र एक निळा खंड्या इतका जवळ बसला होता की त्याचा श्वास दिसत होता. एवढं सगळं पाच मिनिटांवर होतं. रोज होतं. अशा जागी खोटं घेऊन उभं राहणं तिला सोसवेना.

"पात्र झालंय," ती म्हणाली. "तीन रविवार झाले. मी लपवलंय."

"माहितीये."

"काय?"

"चौथ्या रविवारीच तुझ्या बाबांनी सांगितलं. म्हणाले, तिलाच देऊ दे."

"आणि तू... तरी येत राहिलास?"

"पाणी झिरपतंय का, बघायला नको?"

तिने त्याच्या दंडावर चापट मारली आणि मग डोळे पुसले. "तू परत येशील?"

त्याने नजर पाण्याकडे वळवली.

"आत गेल्यावर माणसाचं काय होतं, मला ठाऊक नाही ख्वान. शपथ घेतली तर खोटी पडेल. पण आज मला तुझ्याकडेच परत यायचंय. एवढं खरं आहे." मग आवाज आणखी खाली आला. "आई विचारत होती... दीक्षेच्या मिरवणुकीत उशी कोण धरणार."

ख्वानचे कान लाल झाले. वस्त्रं आई धरते, पात्र वडील धरतात. आणि उशी जिच्या हातात, ती त्याची, हे सगळ्या विहारासमोर कुणी न सांगता ठरून जातं. तो परत आला तर कौतुक. नाही आला तर लोक आयुष्यभर तिच्याकडे बोट दाखवणार.

"विचार करून सांग," तो म्हणाला.

तिने सायकल वळवली. "पात्र उद्या सकाळी न्यायला ये. आईंना घेऊन."

पुढच्या गुरुवारी लांब ढोल वाजत होते. थानित पांढऱ्या वस्त्रांत होता. केस नाहीत, भुवया नाहीत, चेहरा लहान मुलासारखा उघडा. ख्वान गर्दीच्या शेवटी उभी होती. सांध्यांवर न चुकणाऱ्या तिच्या हातांत पांढरी, कोरी उशी होती. लेकमावशी बघत होती. अख्खी गल्ली बघत होती.

मिरवणूक निघायच्या आधी थानितच्या आईने मागे वळून तिला शोधलं.

"अगं मुली, तिथे काय करतेस?" आपल्या शेजारची जागा रिकामी करत त्या म्हणाल्या. "पुढे ये."

ख्वान पुढे गेली.