दोनशे सातवं हाड

माणसाच्या शरीरात दोनशे सहा हाडं असतात. हे मी पाचवीतच पाठ केलं होतं. आमचे आबा, म्हणजे आजोबा, हाडांचे डॉक्टर असल्यामुळे ते विसरायची सोयही नव्हती. मग त्या शुक्रवारी पट्टीमामाने माझं दोनशे सातवं हाड मोडल्याची नोंद कशी काय केली?

तेच सांगते.

मिरजेत आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांमध्ये आबांचा दवाखाना आहे. पट्टीमामा हा तिथला यंत्रमानव. तो प्लास्टर घालतो, काढतो, हाडांची चित्रं घेतो. कारखान्यातून आला तेव्हा त्याचं नाव प्र-७ होतं, पण प्लास्टर घालून घ्यायला येणाऱ्या पोरांनी त्याचा पट्टीमामा करून टाकला. तो हुशार आहे, फक्त शब्द ऐकला की त्याचा कीस पाडतो.

त्या दिवशी मी शाळेतून आले, दप्तर भिरकावलं आणि दवाखान्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. पेशंट नव्हते. थोड्या वेळाने चाकांची घरघर ऐकू आली.

"रुग्ण नंदिता गुरव, वय बारा," पट्टीमामा म्हणाला. "शाळेतून कुंभार मॅडमचा निरोप आहे. 'नंदिताचा अपेक्षाभंग झाला आहे, घरी काळजी घ्यावी.' कृपया अपेक्षा दाखव."

"काय दाखवू?"

"अपेक्षा. मोडलेलं हाड. माझ्या यादीत ते नाही. हातात असतं की पायात?"

मी रडत होते, तरी मला हसू फुटलं आणि त्याचाच मला राग आला. चूक खरं तर आबांची होती. त्यांनीच त्याला शिकवलं होतं की अस्थिभंग (हाड मोडणं) म्हटलं की हाडाचं चित्र काढायचं. तेव्हापासून शब्दाच्या शेवटी 'भंग' आला की पट्टीमामा आधी हाड शोधतो. शेजारच्या काकू सकाळी अभंग म्हणतात, तर त्यांच्या नावापुढे त्याने 'अभंग: सर्व हाडं शाबूत' असं लिहून ठेवलंय.

"जा इथून," मी म्हटलं.

तो गेला नाही. त्याने माझ्या नावाखाली लिहिलं: 'हाड क्रमांक २०७. जागा अज्ञात. दुखणं तीव्र.'

दुखणं तीव्र होतं, हे मात्र त्याचं बरोबर होतं.

आमच्या शाळेला यंदा चंद्रावरच्या संशोधन तळाशी दहा मिनिटं बोलायची संधी मिळाली होती. पोरांनी प्रश्न पाठवायचे, त्यातले सहा निवडले जाणार आणि ज्याचा प्रश्न त्यानेच तो विचारायचा. माझा प्रश्न होता, 'चंद्रावर हाड मोडलं तर ते पृथ्वीवरच्यासारखंच जुळेल का?' तिथे सगळ्या वस्तूंचं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या भागाइतकं भरतं आणि हाडावर भार कमी पडला की ते विरळ होतं. दोन महिने मी आबांची पुस्तकं उपसत होते. प्रश्न विचारताना कोणता ड्रेस घालायचा, तेही ठरवून टाकलं होतं.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. सानियाचं होतं.

सानिया शिकलगार माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. तिच्या घरी सतारी बनवतात. तिचा प्रश्न होता, 'तुमच्या तळाच्या आत सतारीची तार पृथ्वीवरच्यासारखीच वाजेल का?' ती धावत माझ्याकडे आली आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा प्रश्न मीच तर नीट करून दिला. नाहीतर तुला कोण विचारतंय?"

तिचा चेहरा असा उतरला की मला तिथे थांबवेना. मग मी विज्ञान मंडळ सोडत असल्याचा अर्ज लिहिला. सोमवारी चंद्राशी बोलणं होतं. त्या दिवशी शाळेत जायचंच नाही, सानियाशी बोलायचं नाही आणि यापुढे कधी, कुठेच नाव द्यायचं नाही, असंही मी त्याच कागदाच्या मागे लिहून टाकलं.

आबा आले ते चष्मा पुसत. पट्टीमामाची नोंद त्यांनी वाचली. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

"दोनशे सात?" ते म्हणाले. "जागा शोधायला हवी. नंदू, आधी मला तो निळा कॅन उचलून दे. पट्ट्या भिजवायच्यात."

प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात भिजवून बांधतात. त्यासाठी पट्टीमामा रोज सकाळी तो पंधरा लिटरचा कॅन भरून ठेवतो. कटकट करत मी उठले, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी कॅन ओढला. कॅन झटकन छातीपर्यंत वर आला आणि मी मागे भेलकांडले. तो रिकामा होता!

"आबा!"

"लागलं नाही ना? आता सांग, तू इतका जोर का लावलास?"

"भरलेला वाटला म्हणून."

"म्हणजे कॅनला हात लावण्याआधीच मेंदूने हिशेब केला. एवढं वजन असणार, एवढा जोर लावा. या आधी बांधलेल्या अंदाजालाच अपेक्षा म्हणायचं. आता परत उचल."

या वेळी कॅन अलगद वर आला. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी माझ्या हाताने आपोआप जोर कमी केला होता.

"बघितलंस? अंदाज चुकला, झटका बसला आणि त्या झटक्यातूनच मेंदूने नवा अंदाज शिकून घेतला. शास्त्रज्ञ याला अंदाजातली तफावत (वाटलं होतं आणि झालं, यातला फरक) म्हणतात. मेंदूत काही पेशी आहेत, त्या डोपामिन (पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन) वापरतात. वाटलं त्याहून चांगलं घडलं की त्या जोरात बोलतात, वाटलं त्याहून वाईट घडलं की क्षणभर गप्प होतात. ते गप्प होणं हासुद्धा एक निरोपच असतो, की बाबा, अंदाज दुरुस्त करा."

वर्गातल्या ओंकारचा प्रश्नही निवडला गेला नव्हता, पण तो यादी बघून सरळ कबड्डी खेळायला गेला होता. "ओंकारला का नाही दुखलं?"

"त्याने किती मेहनत घेतली होती?"

"प्रश्न त्याने डब्याच्या सुट्टीत लिहिला."

"मग त्याचा अंदाज छोटा, म्हणून झटकाही छोटा. निकाल दोघांना सारखाच मिळाला. तुझी अपेक्षा मोठी होती, कारण तू त्यात जीव ओतला होतास. त्याची लाज वाटायचं कारण नाही."

पट्टीमामा इतका वेळ नुसता ऐकत होता. "शंका आहे," तो म्हणाला. "अपेक्षा हा अंदाज असेल, तर ते हाड नाही. अंदाज दुखू शकत नाही. मग रुग्णाला दुखतंय ते काय?"

आबा मला म्हणाले, "बघ, प्रश्न असा विचारावा!" मग त्यांनी कपाटातून मेंदूटोपी (मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणारं यंत्र) काढली आणि माझ्या डोक्यावर बसवली. "यादी आठव."

मी आठवली. पडद्यावर मेंदूच्या मधोमध, कपाळाच्या बाजूला, एक तांबूस ठिपका उजळला.

"हा भाग ओळखीचा आहे," पट्टीमामा म्हणाला. "पाय मुरगळलेल्या रुग्णांमध्येही हा उजळतो."

"बरोबर. दोन्ही दुखणी एकच नाहीत, पण त्यांचे काही रस्ते सामाईक आहेत. आपल्याला कुणी बाजूला ठेवलं की मेंदू ते गंभीरपणे घेतो. पूर्वी माणसं टोळ्यांनी राहायची. टोळीबाहेर पडला त्याचं जगणं अवघड. त्यामुळे 'एवढ्यावरून काय रडतेस' असं कुणी म्हटलं तर सांगायचं, दुखणं खरं आहे."

हे ऐकून मला पुन्हा रडू आलं. पण हे रडणं वेगळं होतं, त्यात मघासारखा राग नव्हता.

"आता उपचार," पट्टीमामा म्हणाला. त्याला उपचार फार आवडतात. "आधी मोडलं ते काय, याची नोंद. मोडलेला अंदाज सांग."

"माझा प्रश्न चांगला आहे, म्हणून तो निवडला जाईल."

"यात दोन अंदाज आहेत. कोणता मोडला?"

प्रश्न चारशे बारा आले होते आणि जागा होत्या सहा. चांगले प्रश्न सहाहून जास्त असणारच. मोडला होता तो 'निवडला जाईल' हा अंदाज. 'प्रश्न चांगला आहे' याला धक्काही लागला नव्हता.

"दुसरा," मी म्हटलं.

"नोंदवलं. आता प्लास्टरची तपासणी." त्याने माझ्या वहीतून डोकावणारा अर्ज उचलून वाचला. "विज्ञान मंडळ बंद. शाळा बंद. सानियाशी बोलणं बंद. दुपारचा डबाही परत आलेला आहे." त्याचे दिवे दोनदा लुकलुकले. "चूक आढळली. अंदाज एक मोडला आहे. प्लास्टर सगळ्या अंगाला घातलं आहे."

मी आबांकडे वळले.

"प्लास्टर लागतंच ना, आबा?" मी हळूच विचारलं.

"लागतं. हाड मोडलं की आधी तिथे रक्त साकळतं, सूज येते. मग मऊ गाठ धरते, तिला कॅलस म्हणतात. ती हळूहळू कडक होते. या काळात विश्रांती हवीच. पण मोडलेल्या जागेपुरती! बोट मोडलं म्हणून कुणी माणसाला गळ्यापर्यंत प्लास्टरमध्ये ठेवलं, तर चांगली हाडंसुद्धा विरळ होतील. भार पडला नाही की हाड विरळ होतं. तुझ्याच प्रश्नात आहे हे."

"आणि जुळलेलं हाड पहिल्यापेक्षा मजबूत होतं ना?"

"असं लोक म्हणतात. मी चाळीस वर्षं हाडं जुळवतोय. ते पहिल्यासारखं होतं, आणि तेवढं पुरतं."

आबांचं हे मला आवडतं. ते उगाच गोड बोलत नाहीत.

मी अर्जाचे चार तुकडे केले. पण खरं अवघड काम पुढेच होतं. संध्याकाळी मी सानियाच्या घरी गेले. ती कारखान्यात सतारीच्या भोपळ्याला पॉलिश करत होती. मान वर केली नाही.

"सानिया, मी खोटं बोलले. प्रश्न तुझाच होता. मी फक्त एक वेलांटी दुरुस्त केली होती."

"दोन वेलांट्या," ती म्हणाली. "लई लागलं मला, नंदे."

"कळतंय. मलाही लागलं होतं. पण ते तुझ्यावर काढायचं नव्हतं."

तिने दुसरं फडकं माझ्याकडे फेकलं. मग मी तिला दोनशे सातव्या हाडाची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की आतून तिचे अब्बा काय झालं ते बघायला आले.

सोमवारी सभागृह गच्च भरलं होतं. चंद्रावरून आवाज यायला सव्वा सेकंद लागतो आणि आपला प्रश्न पोचायला तेवढाच. प्रत्येक प्रश्नानंतर सगळे श्वास धरून बसायचे. सानियाचा प्रश्न सहावा होता. पाचव्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या शास्त्रज्ञबाई रंगात आल्या, बोलतच राहिल्या आणि सानिया माइकपाशी पोचली तोच पडदा निळा झाला. दहा मिनिटं संपली होती.

खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. पुढच्याच क्षणी त्याची लाज वाटली आणि मग सानियाची पाठ दिसली. ती तशीच माइकपाशी उभी होती.

कुंभार मॅडम पुढे होऊन म्हणाल्या, "असू दे गं बाळा, पुढच्या वेळी." मुलंही काहीबाही म्हणाली. सानियाने कुणाकडेच बघितलं नाही. ती गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली.

"नंदे," ती म्हणाली, "दोनशे सात."

मी तिचा हात धरला आणि आम्ही मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मी काही समजावलं नाही. सूज उतरायला वेळ लागतो, हे मला तीनच दिवसांपूर्वी कळलं होतं. ती रडली, नाक पुसलं, आणि मधली सुट्टी संपत आली तेव्हा म्हणाली, "तार वाजेल की नाही गं?"

"काय माहीत. तार वाजते ती ताणामुळे, त्यात वजनाचा काय संबंध?"

"पण तळातली हवा वेगळी असली तर?"

"तुमच्या कारखान्यात एक तार मिळेल? आणि हवा काढून घेता येईल अशी काचेची बरणी प्रयोगशाळेत आहे."

ती उठली. डोळे अजून लाल होते. "आज शाळा सुटल्यावर?"

"आज."

आता आमच्या शाळेत ती पद्धतच पडली आहे. कुणाचं नाव संघात आलं नाही, कुणाची कविता परत आली, की ते पोर नुसतं 'दोनशे सात' म्हणतं. मग कुणी 'का' विचारत नाही, सरकून शेजारी जागा करतात. पट्टीमामाला हे कळलं तेव्हा त्याने आपली यादी दुरुस्त केली. मला वाटलं, त्याने ते हाड खोडलं असेल. मी वाचायला गेले तर तिथे लिहिलं होतं:

'हाड क्रमांक २०७, अपेक्षा. सर्व माणसांमध्ये आढळतं. पुन्हा पुन्हा मोडतं, पुन्हा पुन्हा जुळतं. जुळताना शेजारी कुणीतरी बसलेलं असावं.'