आतच उभी राहा

होडी डोक्यावर घेतली की माणसाला जग दिसत नाही, दिसतात फक्त पाय. स्वतःचे, आणि पुढे कुणी असेल तर त्याचे. दर उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी मी पोरींना हे बजावते आणि दर उन्हाळ्यात एखादी तरी झाडाला जाऊन धडकते. मग बाकीच्या खिदळतात, मीही हसून घेते.

आमचं शिबिर ऑन्टारिओच्या उत्तरेला, तळ्यांच्या मुलखात. एक तळं संपलं की जंगलातली वाट, वाट संपली की पुढचं तळं. वाटेवर होडी आपण वाहायची. उलटी करून, मधलं लाकडी जू खांद्यांवर घेऊन, एकटीने. दमलं की हाक मारायची. मग जी रिकामी असेल ती येऊन होडीचं पुढचं टोक वर उचलून धरते, मागचं टोक जमिनीला टेकतं आणि वाहणारीचे खांदे मोकळे होतात. बहुतेक पोरी तेवढ्यात बाहेर येऊन पाणी पितात. माझ्या जुन्या जोडीदारणीला, आयलाला, ते अजिबात खपायचं नाही.

"बाहेर आलीस की परत आत शिरायला जिवावर येतं," ती म्हणायची. "आतच उभी राहा. श्वास घे. मी धरलंय."

आयला आणि मी कित्येक उन्हाळे पोरींच्या मुक्कामी सहली बरोबर नेल्या. ती पुढे, मी सगळ्यांच्या मागे. सहल संपवून शेवटच्या तळ्यावर आलो की ती ओरडायची, "चला, सगळ्या घरी!" गेल्या हिवाळ्यात ती कॅन्सरने गेली. त्यानंतर मी पुढे चालायला लागले, पण मला ते अजून जमत नाही.

या जुलैत आयलाचा नवरा रौनो त्यांच्या सिनीला सोडायला आला. सिनी चौदा वर्षांची, अंगाने काडी. आई गेल्यापासून गाडीत पुढे तीच बसते, कारण शेजारची सीट रिकामी दिसली की रौनोच्या हातून गाडी चालत नाही. गाडी थांबायच्या आतच पोरीने पट्टा काढला, त्यामुळे गाडी टिंग टिंग करत आमच्या आवारात शिरली.

"पट्ट्याशिवाय कुणी बसलेलं या गाडीला चालत नाही," रौनो म्हणाला. "आयलासारखीच कटकटी आहे."

मग त्याने मला बाजूला घेतलं. फिनलंडहून आलेल्या घराण्यातला माणूस, बोलणं आधीच मोजकं. सिनी अजून रडलेली नाही म्हणाला, दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. आईची लाल होडी लांब वाटेवरून एकटीने न्यायची, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलंय. बोलता बोलता त्याने वेलचीच्या गोड पावाची पिशवी माझ्या हातात कोंबली.

"डोरा, मला आता हीच आहे. मला ती परत आणून दे."

मी म्हटलं, आणते.

सहलीवर पोरी, मी आणि ब्रिन. ब्रिन माझी जोडीदार लीडर. ती कयाकमधून, एकटीच्या अरुंद होडीतून, बाकी होड्यांच्या पुढेमागे करायची, मेंढ्या वळवल्यासारखी, आणि तोंड अखंड चालू. पहिली वाट छोटी होती. सिनी लाल होडी घेऊन पलीकडच्या काठावर उतरली तेव्हा तिच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता.

"थँक्स," ती ब्रिनला म्हणाली. "मधे धरलंस ते."

ब्रिन तर ओट्सचा डबा पाठीवर घेऊन कधीच पुढे आली होती. तिला वाटलं, मी धरलं असेल. मी मागे एका पोरीच्या मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधत बसले होते. पोरी एकमेकींसाठी करतात आणि सांगत नाहीत, चांगलंच आहे, असं म्हणून मी विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना सिनीने विचारलं, आईचे बूट कुठे गेले मला ठाऊक आहे का. मी म्हटलं, बाबांना विचार.

"बाबांनी चर्चमध्ये देऊन टाकले. निळ्या नाड्यांचे."

"मग?"

"काही नाही," ती म्हणाली आणि तवा राखेने घासत राहिली.

त्या दुपारच्या वाटेवर माझ्या खांद्यावर होडी होती. चढ होता, गुडघे बोंबलत होते. कुणी आहे का गं, अशी मी सवयीने हाक मारली. पुढचं टोक लगेच वर गेलं. खांदे हलके झाले, मी डोळे मिटून हुश्श केलं, डोळे उघडले.

समोर शेवाळावर दोन पाय होते. तपकिरी, झिजलेले बूट. निळ्या नाड्या. डाव्या बुटाची नाडी घोट्याभोवती दोन वेढे घेऊन बांधलेली, आयलाचा तो घोटा कच्चा होता म्हणून.

बाहेर यायचं तर फक्त वाकून बाजूला व्हायचं होतं. मी आले नाही. आतच उभी राहिले आणि श्वास घेतला. थोड्या वेळाने जू हळूच खांद्यांवर टेकलं आणि पाय दिसेनासे झाले. होडीखाली रडण्याचा एक फायदा असतो, कुणाला दिसत नाही. तो मी पुरेपूर घेतला.

काठावर पोचल्यावर आधी सगळ्या पोरींचे पाय बघितले. सगळ्यांच्या पायांत रबरी सँडल. मग भरपूर पाणी प्यायले. उन्हाने आणि तहानेने माणसाला काय काय दिसतं, हे मीच दरवर्षी पोरींना शिकवते. ब्रिनला काही सांगितलं नाही. काय सांगणार, कप्पाळ?

लांब वाट शेवटच्या दिवशी आली. ती उतरली की आपलं तळं, आपला धक्का, आणि धक्क्यावर रौनो. सिनी सगळ्यांच्या आधी होडी घेऊन निघाली. आम्ही डोक्यावर होड्या घेऊन, फक्त पायांखाली बघत, एकेक करत पलीकडे पोचलो, बोजे उतरवले, आणि माझ्या लक्षात आलं की लाल होडी तिथे नाही.

"वाटेच्या कडेला उभी होती," ब्रिन म्हणाली. "मी विचारलं, धरू का? तर म्हणाली, धरलंय." एवढं बोलून ब्रिन एकदम गप्प झाली. ती गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

मी आल्या वाटेने परत पळत सुटले.

ऐन मध्यावर, कडेच्या स्प्रूसच्या झाडांच्या दाटीत, लाल होडी तिरकी उभी होती. मागचं टोक जमिनीला टेकलेलं, पुढचं हवेत. खाली सिनीचे काडीसारखे पाय, थरथरणारे.

पुढे, धरणारीने उभं राहायचं तिथे, कुणीही नव्हतं.

डास होते. आमच्याकडे माणूस उभा राहिला की डोक्याभोवती डासांचा घोळका जमतो. तसाच घोळका तिथे होता, माझ्या डोक्याहून थोडा वर. आयला माझ्याहून उंच होती.

"सिनी, बाहेर ये."

"नको." आवाज होडीच्या पोटातून आला. "आई म्हणते, आतच उभी राहा."

"किती वेळ?"

मग ती अगदी हळू म्हणाली, "मी बाहेर आले तर ती धरून कशाला थांबेल?"

मला आयलाचा राग आला. मी पुढे झाले, त्या डासांच्या मधोमध, आणि दोन्ही हात वर करून होडीच्या कडा पकडल्या.

"आयला, पोरीचे पाय बघ. मी धरलंय. सोड आता." आणि मग, आजवर प्रत्येक सहलीच्या शेवटी तिच्याकडून ऐकून माझ्याही तोंडात बसलेलं होतं, तेच बाहेर पडलं. "चला, सगळ्या घरी."

हातांवर वजनच आलं नाही.

मग आलं. आधी उजव्या हातावर, मग डाव्या. सांभाळून. माझ्या तळव्यांखाली लाकूड कोमट होतं.

सिनी बाहेर आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून रडली. आवाज काढून, सबंध हिवाळ्याचं. मला तिला जवळ घेता आलं नाही, माझ्या हातांत होडी होती.

मग नाक पुसून ती पुन्हा आत शिरली आणि उरलेली वाट एकटीने चालली.

तळ्यावर लाल होडीत आम्ही दोघीच, ती पुढे, मी मागे. पाणी आरशासारखं. तरी वल्हं जड जात होतं.

"डोरा, दगड भरलेस का?" ब्रिन कयाकमधून ओरडली. मी म्हटलं, वारा आहे. वारा नव्हता.

धक्क्याला लागलो. बोजे काढले, मी उतरले, सिनी उतरली. रिकामी होडी चार बोटं वर यायला हवी होती. ती आली नाही. सिनी गुडघ्यांवर बसून होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. कुणी उतरत असलं की धरायला आम्ही शिकवतो, तशी.

होडी आमच्या बाजूला कलली, आणि मग पिसासारखी वर आली. सिनीने कड सोडली.

रौनोने लेकीला उचललंच. मला म्हणाला, "आणलीस." मी मान हलवली.

सिनीने गाडीचं मागचं दार उघडलं आणि मागे बसली. पुढे ये ना, रौनो म्हणाला. तिने पट्टा लावला आणि नको म्हणून मान हलवली.

त्याने गाडी सुरू केली. टिंग टिंग टिंग.

त्याने मागे वळून पाहिलं. सिनीचा पट्टा लावलेला होता. स्वतःचा चाचपला. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. तिच्यावर पिशवीसुद्धा नव्हती.

आवाज थांबेना. मग रौनो वाकला, पलीकडचा पट्टा ओढून त्या सीटवरून आडवा घेतला, आणि हलक्या हाताने लावला.

आवाज थांबला.