तिसरा निरोप

म्हैस हरवली नसती, तर सुनंदा त्या जिन्यावर कधी चढलीच नसती.

त्र्याण्णव सालचा भाद्रपद. दुपारपासून पावसाची झड लागलेली, आणि साक्रीच्या बाजारपेठेत दुकानदार गोणपाट डोक्यावर घेऊन बसलेले. सुनंदाच्या हातात चिठ्ठी होती. उखर्डू आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी सांगितलेली आणि तिनं लिहिलेली. धान्याच्या दुकानावरच्या खोलीत पंडितभाऊंचं चॅनल होतं. तिथं चिठ्ठी दिली, की संध्याकाळी पाचला ते ती टीव्हीवर वाचत.

वर गेली, तर पंडितभाऊ गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले. तोंडातून शब्द नाही, नुसती हवा. कॅमेऱ्यामागे एक उंच, सावळा मुलगा उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं, मग हिला पाहिलं.

"तुम्हाला वाचता येतं?"

"बारावी झालीय माझी!"

"मग बसा. दोन मिनिटं उरलीत."

"मी? अहो, माझे केस ओले आहेत..."

"छान दिसतायत," तो म्हणाला, आणि जीभ चावून पटकन कॅमेऱ्यामागे लपला.

निळ्या चादरीपुढे लाकडी खुर्चीत सुनंदा बसली. वेणीतून पाणी टपकत होतं. तिनं एकाची हरवलेली सायकल वाचली, एकाच्या बारशाचं बोलावणं वाचलं. मग आपली चिठ्ठी उघडली. "निरोप तिसरा. उखर्डू आबांची म्हैस कालपासून सापडत नाही. डावं शिंग मोडलेलं. नाव... नाव चंद्री." आणि तिला हसू आलं. सगळ्या गावादेखत, टीव्हीवर, खुदकन.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्री दारात हजर. ज्याला सापडली तो म्हणाला, "ती पोर हासनी ना, तठेच ध्यानमा ऱ्हायनं."

पंडितभाऊंचा घसा चार दिवसांत सुटला. पण खुर्ची त्यांनी परत घेतली नाही.

आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, काय होतं ते चॅनल! त्याआधी टीव्ही होता, पण तो परका होता. उंच बांबूवर अँटेना बांधायचा, एकानं छपरावर चढून फिरवायचा, खालून दुसऱ्यानं ओरडायचं, "ऊनं, ऊनं... गयं!" म्हणजे आलं, आलं... गेलं. आणि दिसायची ती मुंबई, नाहीतर दिल्ली. पंडितभाऊ रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत. त्यांनी खांबाखांबावरून वायर ओढली, तीनशे घरं जोडली, आणि एक दिवस टीव्हीत साक्रीच आणून बसवली. सकाळी भजनी मंडळ. पाचला निरोप. मग कांद्याचे, बाजरीचे भाव. शनिवारी एखाद्या म्हाताऱ्याला बोलावून जुन्या गोष्टी. टीव्हीतून पहिल्यांदा 'शे', म्हणजे आमच्याकडचा 'आहे', ऐकला, तेव्हा म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत राहिली होती. आपली बोली अशी उजेडात बसून बोलते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

रविवारी दुपारी लग्नाची कॅसेट लागे. त्याला पंडितभाऊंचा एकच नियम — कॅसेट कापायची नाही. जो पाहुणा दिसला तो दिसू द्यायचा. पाहुणा कापला, तर त्याचा मान कापला.

आणि या सगळ्याचा डोळा होता तो कॅमेऱ्यामागचा मुलगा, लीलाधर. लग्नसराईत तो गावोगाव शूटिंग करी. त्याचा हात म्हणजे दगडात रोवलेला खांब. चित्र कधी हलायचं नाही. कुणाच्या घरी हललंच, तर लोक टीव्हीच्या पाठीवर थाप मारत. दोष टीव्हीचा, लीलाधरचा नव्हे.

सुनंदा रोज पाचला येऊ लागली.

"आज गजरा माळलाय," तो कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणे.

"कांद्याच्या भावाला शोभतो का?"

"भाव चढेल."

"तुम्हाला काय, तुमचं कांद्याचं शेत नाही."

"असतं तर रोज दोन गजरे आणले असते..."

ती निरोपाच्या चिठ्ठ्यांत तोंड लपवी. पण यापुढे तो एक शब्द जाईल तर शपथ. कॅमेरा बंद झाला, की त्याची वाचाही बंद.

मार्गशीर्षात सुनंदाच्या मामेबहिणीचं लग्न सोनगीरला झालं. सुनंदा करवली, शूटिंग लीलाधरचं. लग्न लागलं, अक्षता उडाल्या, सगळं छान झालं.

घरी आल्यावर आबांनी सुपारी फोडावी तशी गोष्ट फोडली. धुळ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा कचेरीत नोकरीला. एकदा पाहून गेला होता, पसंती कळवली होती. येत्या बाजाराच्या दिवशी ती माणसं पक्कं करायला येणार. आबा असे उत्साही, की बैठकीआधीच वाजंत्रीवाल्याला सुपारी दिली, आणि लीलाधरच्या हातातही शूटिंगची एक सुपारी ठेवून आले. सुपारी हातात पडली, की काम पक्कं. ही आमच्याकडची रीत. घेतलेली सुपारी कुणी परत करत नाही.

लीलाधरनं दुसऱ्या दिवशी परत केली. ओट्यावर ठेवली, आबांना वाकून नमस्कार केला, आणि गेला.

आबा लालेलाल. "सुपारी परत करस? मना दारमा? काबर?"

कारण त्यानं सांगितलं नव्हतं. ते विचारायला सुनंदाच जिन्यावर उभी राहिली, पाचला दहा कमी असताना.

"माझ्या वडिलांचा अपमान का केला?"

"अपमान नाही केला."

"मग? तारीख नाही जमत?"

"तारीख ठरलीच कुठंय?"

"मग काय, आमची माणसं कॅमेऱ्यात चांगली दिसत नाहीत?"

तो खाली पायरीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हात हलेल माझा."

"तुमचा हात? तो कधी हलतो?"

"तुमच्या लग्नात हलेल..."

वरून पंडितभाऊंनी हाक मारली. सुनंदानं त्या दिवशी बाजरीचा भाव कांद्याला लावला आणि कांद्याचा बाजरीला.

शनिवारी लीलाधर पंडितभाऊंना सारखं विनवत होता, सोनगीरची कॅसेट उद्या लावू नका. निदान मधला भाग कापू द्या. पंडितभाऊ म्हणाले, "सुनंदाच्या मामानं पाठवलीय. निम्मे पाहुणे साक्रीचे. कापणार नाही म्हणजे नाही."

रविवारी दुपारी आबांच्या घरात आळी जमली. टीव्ही सुरू झाला. मांडव दिसला, नवरदेवाचा घोडा दिसला. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि चित्र नवरीवरून हळूच सरकलं... करवलीवर. करवली हसतेय. करवलीच्या केसांत अक्षता. करवली पदरानं घाम टिपतेय. मागून टाळ्या, वाजंत्री, "वाजवा रे" — अंतरपाट दूर झाला, हार पडले. पण कुणी कुणाला घातले, ते काही दिसलं नाही. दिसत होती सुनंदा. स्थिर, स्वच्छ, जरासुद्धा न हलता.

"आवं माय!" सुनंदाची आई, धुरपदाबाई, कपाळावर हात मारून म्हणाली. "नवरी कोठे शे? बठ्ठी कॅसेटमा आपलीच सुनी दिसी ऱ्हायनी!"

आळी हसली, आणि आबांचा चेहरा पाहून गप्प झाली. एकेक जण चपला शोधू लागला.

घर रिकामं झालं. कोनाड्यात ती सुपारी पडली होती. आबांनी ती उचलून तळहातावर फिरवली.

"म्हनून परत करी का त्यानी?"

सुनंदा खांबाला टेकून उभी. आता बोलली नाही, तर बाजाराच्या दिवशी बोलून उपयोग नव्हता.

"आबा, धुळ्याचा मुलगा चांगला असेल. त्यानं मला एकदा पाहिलं आणि पसंत केलं." तिचा आवाज बारीक झाला. "हा रोज बघतो, आबा. रोज... पहिल्यांदा पाहिल्यासारखं."

"खांदावर कॅमेरा लईसन हिंडस तो. नोकरी नही."

"चंद्री कशामुळे सापडली? कचेरीमुळे, की कॅमेऱ्यामुळे?"

आबा उपरणं खांद्यावर टाकून बाहेर पडले. सांजेला परतले, आणि सरळ जेवायला बसले.

सोमवारी सुनंदा खुर्चीत बसली, ती जणू शेवटचीच म्हणून. लीलाधरनं मान वर केली नाही. पंडितभाऊंनी चिठ्ठ्या पुढे ठेवल्या, आणि उगाच खोकत कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

पहिली चिठ्ठी कीर्तनाची. दुसरी हरवलेल्या छत्रीची. तिसरी तिनं उघडली. अक्षर पंडितभाऊंचं, बोल दुसऱ्याच कुणाचे.

"निरोप तिसरा. उखर्डू आबांचा." ती थांबली. मग वाचत गेली. "धुळाना पाहुनास्ले मी निरोप धाडा, येऊ नका. सोनगीरना लगीनमा ज्यानी कॅमेरा धरा, त्यानी बाजारना दिवस मायबापले लईसन आमना घर येवो. सुपारी मनाजोडे शे. शूटिंगले..." तिला हसू आलं, आणि डोळेही भरले. "शूटिंगले दुसरा मानूस देखसूत."

तिनं मान वर केली, आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

त्या संध्याकाळी साक्रीतल्या तीनशे घरांत चित्र हललं. असं हललं, की सुनंदाच्या मागची निळी चादर नदीसारखी वाहू लागली. पण टीव्हीच्या पाठीवर थाप मारायला कुणीच उठलं नाही.