नव्वद अंशांपलीकडचा नमस्कार

"अहो... माझा वॉकर घेऊन चाललात."

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या त्या रुग्णालयात, फिजिओथेरपीच्या दालनात, ग्यू-वन माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तुमचाच कशावरून?"

"तुमचे खांदे कानांना लागलेत. तो माझ्या उंचीला लावलेला आहे."

निरीक्षण अचूक होतं. मी वॉकर परत केला.

खुबा बदलून घेण्याचं आम्हा दोघांचंही वय नव्हतं. मी एकतीस वर्षांची. ल्युपस या आजारासाठी घेतलेल्या स्टेरॉइडने माझ्या डाव्या मांडीच्या हाडाचा गोल माथा आतून मेला होता; मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे त्यातली विडंबना कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. तो चौतीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचा उजवा खुबा गेला होता.

"डॉक्टर म्हणतात सोजू दारू पिऊन गेला. मी म्हणतो, प्रेमभंगाने."

"एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये."

"मग दुसऱ्या प्रयोगाला तुम्ही तयार व्हा की, बाई..."

समांतर दांड्यांमधून चालताना तो माझ्यासाठी पावलं मुद्दाम आखूड टाकत होता, हे माझ्या ध्यानात आलं. कारण मी ती मोजत होते.

त्याचे वडील याच इमारतीत पाचव्या मजल्यावर होते. फुप्फुसाचा कर्करोग. आई कधीच गेलेली, भावंडं नाहीत. रोज संध्याकाळी तो वर जाई.

शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या आठवड्यात वडील गेले.

शोकगृह रुग्णालयाच्याच तळघरात होतं. मी काठी टेकत गेले. पांढऱ्या शेवंतीच्या राशीत वडिलांची तसबीर होती आणि तिच्या बाजूला, येणाऱ्यांचे नमस्कार घ्यायला पुत्राच्या जागी, दंडाला शोकाची पट्टी बांधून ग्यू-वन उभा होता. आम्हा दोघांना नियम एकच होता : तीन महिने नव्वद अंशांपलीकडे वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. आणि मृतापुढे मुलाने घालायचा नमस्कार म्हणजे गुडघे जमिनीला, कपाळ हातांवर. तोही दोनदा.

"उभ्यानेच मान लववा," मी म्हणाले.

त्याचे थोरले काका कडाडले, "बापापुढे उभ्याने? हा काय रस्त्यात भेटलेला शेजारी आहे? तू डॉक्टर आहेस का, पोरी?"

"नाही. पण त्यांचा सांधा निखळू शकतो."

"हे-रान," ग्यू-वन हळूच म्हणाला, "शक्यता किती?"

मला खोटं बोलता आलं असतं. "एरवी शंभरात दोन-तीन. असं वाकल्यावर किती, ते मोजलेलं नाही."

"आयुष्यभर मी त्यांच्यापुढे ताठ राहिलो... घर सोडलं तेव्हा वळूनसुद्धा पाहिलं नाही. आज एकदा तरी—"

पहिला नमस्कार झाला. भिंतीच्या आधाराने तो उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, तरी डोळ्यांत जिंकल्याची चमक होती. दुसऱ्या नमस्काराला कपाळ हातांना टेकलं आणि आतून एक बोथट आवाज आला. किंकाळी त्यानंतर.

त्याचा पाय आत वळून आखडला होता. खाली बसायची मला बंदी होती. मी खुर्ची ओढली आणि स्ट्रेचर येईपर्यंत वरूनच त्याला बजावत राहिले, "हलू नका... माझ्याकडे बघा."

काका कोपऱ्यात थिजले होते. स्ट्रेचरवर घेताना ग्यू-वनने माझी बाही घट्ट धरली.

"माणसं येतायत... बाबांजवळ कुणीच नाही. काका थोरले, त्यांना धाकट्या भावाच्या सुतकात तिथे उभं राहता येत नाही. ती जागा रिकामी—"

बाहेर बुटांचा आवाज झाला. त्याच्या कंपनीतली माणसं आली होती. मी चालत गेले आणि तसबिरीच्या बाजूला उभी राहिले.

"पोरी," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती घरच्यांची जागा आहे."

"माहीत आहे."

"मग तू कोण लागतेस?"

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे पुरावा कसलाच नव्हता.

"सून," मी म्हणाले. "तुमच्या भावाची."

दाराशी स्ट्रेचर अडखळलं.

"कधीपासून?" वेदनेने चिरकलेला आवाज आला.

"आत्तापासून. हलू नका म्हटलं ना!"

पाहुण्यांनी बूट काढले, उदबत्ती लावली, मृताला दोन नमस्कार घातले आणि मग माझ्याकडे वळून मलाही नमस्कार करायला ते गुडघ्यांवर बसले. मी काठीवर भार दिला आणि तीस अंशांत वाकले.