रिकाम्या गल्लीला घातलेली हाक

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे आमच्याच घरी घडलंय. आष्ट्यात, बस्तीमागच्या, म्हणजे जैन मंदिरामागच्या गल्लीत. आणि रात्री नाही हं... चांगल्या लख्ख सकाळी!

या चातुर्मासात आमच्या बस्तीत माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा संघ आलाय. त्या आहाराला निघतात, तेव्हा आम्ही सगळे आपापल्या दारात कलश घेऊन उभे. माताजी दिसल्या की म्हणायचं, "वंदामि माताजी, तिष्ठ तिष्ठ," म्हणजे इथं थांबा. त्या ज्या दारी थांबतील, त्या घराचं भाग्य.

त्या रोज शेजारी रूपालीकडेच थांबायच्या. रोज!

रूपाली माझी चुलतबहीण. माझ्याच वर्गात. वर विचारणार, "आज पण तुमच्याकडं न्हाई व्हय?"

मी नुसती जळायचे.

त्या दिवशी मी साडी नेसले. कलश मीच घेतला. आज रूपालीच्या आधी माझी हाक गेली पाहिजे, बास!

गल्ली रिकामी होती. तरी मी ओरडले, "वंदामि माताजी! तिष्ठ तिष्ठ!"

रूपाली फिसकन हसली. "कुत्र्याला बोलावतीस काय गं?"

आणि...

आमच्या उंबऱ्यावर, माताजी बसण्याआधी जागा झाडतात ती मोरपिसांची पिंछी फिरली. फस्स... फस्स...

आवाज फक्त. दिसलं कुणीच नाही.

आत आहारासाठी मांडलेला पाट करकरला... कुणीतरी बसल्यासारखा.

आजोबा भिंतीला टेकले. "बयाआत्या..."

बयाबाई म्हणजे त्यांच्या वडिलांची आत्या. गल्लीतली शाळा शिकलेली पहिली बाई. शास्त्र वाचते म्हणून पंचांनी तिला बस्तीत यायची बंदी केली. तरी तिनं दीक्षा घेतली, आमच्यातली पहिली माताजी झाली. एकदा या गल्लीत आहाराला आली, तर एकाही दारातून हाक नाही. आमचं दार तर तिच्या भावजयीनं लावून घेतलं. म्हणाली, काल माझ्यासोबत भाकरी थापणारी, आज हिच्या पाया पडू? बयाबाई उपाशीच माघारी गेली.

"बोल पोरी," आजोबा कुजबुजले. "मनशुद्धी बोल. मन साफ हाय म्हणून सांगितल्याबिगर त्या घास घेत न्हाईत."

मी हात जोडले. "मनशुद्धी, वचनशु..."

तेवढ्यात बाहेर रूपालीचा आनंदी आवाज आला. खऱ्या माताजी तिच्या दारी थांबल्या होत्या. परत तिच्याच!

माझ्या मनात काय आलं, ते मी लिहिणार नाही.

पाण्याचा तांब्या आपोआप कलंडला.

फस्स... फस्स... आवाज दारापर्यंत गेला. बाहेर मात्र पडला नाही.

"अंतराय झाला, आहार मोडला," आजोबा म्हणाले. "उपाशी उठली."

त्यानंतर माताजी आमच्या दाराशी येतात, आत बघतात, हात जोडतात आणि पुढं जातात.

परवा रूपालीनंच मला गाठलं. तोंड एवढंसं झालेलं.

"माताजी म्हणाल्या, तुमच्या पाटावर रोज कुणीतरी बसलेलं असतंय. ओंजळ पुढं करून. आमच्याकडं नसतंय तसं कुणी... कोण गं?"

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर जळत होती.

आणि मला त्याच घरी परत जायचं होतं.