जरा सरका

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या मामीच्या घरात घडलंय. आणि मामी थापा मारणारी बाई नाही.

तिच्या इमारतीच्या जागी पूर्वी तळं होतं. ते बुजवून घरं उठली. मामीचा फ्लॅट तळमजल्यावर, तरी पाणी कधी दाराला शिवलं नव्हतं. कारण मागून ओढा वाहायचा, सगळं पोटात घ्यायचा.

गेल्या वर्षी त्या ओढ्यावर स्लॅब पडला. वर मॉलचं पार्किंग झालं.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. मामा बस ड्रायव्हर, धिप्पाड गडी. पाय मोडल्यामुळे मांडीपर्यंत प्लास्टर, त्यामुळे आत पलंगावर. मामी बाहेर मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसलेली.

दुपारी आतून मामाचा आवाज आला.

"अगं, किती सरकवशील? भिंतीला चिकटलो की मी!"

मामी हसली. "स्वप्न पडलं का? मी बाहेर आहे."

"मग आत्ता 'जरा सरका' कोण म्हणालं?"

मामी आत गेली. मामा पलंगाच्या अगदी कडेला अंग चोरून पडला होता. आणि त्याच्या शेजारची चादर...

ओली होती.

छत कोरडं. फरशी कोरडी. फक्त चादरीवर लांबट ओल, कुणीतरी आडवं झाल्यासारखी. मामीने हात लावला. बर्फासारखी गार. वास शेवाळाचा.

"बाटली कलंडली असेल तुमची."

"बाटली टेबलावर आहे. बघ ना."

तिने चादर बदलली. नवी चादर अंथरली...

तीही भिजत गेली. तिच्या डोळ्यांदेखत.

मग पावसाचा आवाज थांबला. खिडकीबाहेर धारा दिसत होत्या, पण ऐकू काहीच येत नव्हतं. ऐकू येत होतं ते बाथरूममधून.

बुडुक... बुडुक...

पाणी दारातून आलंच नाही. ते बाथरूमच्या जाळीतून वर आलं. काळं, गार. बघता बघता घोट्याला लागलं.

मामीने मामाच्या काखेत हात घालून जीव खाऊन ओढलं. मामा जागचा हलेना.

"तुझ्याच्याने नाही व्हायचं. वरून माणसं आण. पळ!"

ती जिन्याने धावली. दारं बडवली. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर आणि त्यांचा भाऊ तसेच अनवाणी खाली आले. तोवर घरात कमरेएवढं पाणी.

आतल्या खोलीचं दार उघडेना. आतून कुणीतरी रेटून धरल्यासारखं.

आणि पलीकडून मामाचा आवाज. शांत. पाहुण्याशी बोलावं तसा.

"सरकतोय हो... आता अजून कुठे सरकू?"

मग काहीच नाही.

तिघांनी खांदे लावले तेव्हा दार सुटलं. पलंग तरंगला नव्हता. मामा पाण्याखाली होता, भिंतीला पाठ लावून, हात छातीशी आवळून.

बाकीचा सगळा पलंग त्याने मोकळा सोडला होता.

डॉक्टरांनी 'बुडून मृत्यू' असं लिहिलं. मामीने ते ऐकून घेतलं. मास्तरांनी ओढा मोकळा करा म्हणून पालिकेत अर्ज दिले, साहेबांनी माना डोलावल्या. आता पलीकडच्या सखल मैदानातही भराव पडतोय. दिवसभर डंपर येतात.

फ्लॅट कुणी घेत नाही. मामी तिथेच राहते.

परवा मी तिला म्हटलं, "मामी, आता पुरे. चल आमच्याकडे."

ती सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या इमारतीच्या जागी आधी काय होतं रे?"



घरी येऊन मी शेजारी विचारलं. खालच्या दुकानदाराला विचारलं, वॉचमनला विचारलं. सगळे आमच्यासारखेच नंतर आलेले.

कुणालाच माहीत नाही.