मांडीवरचं मूल

"बाळाला इथे आणणार असाल, तर आधी हजेरीच्या वहीत तिचं नाव लिहा," कारकूनकाका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी हसून म्हटलं, "काका, ती अजून धड रांगतही नाही. इतक्यात नोकरीला नका लावू."

आगबोट कंपनी केव्हाच बंद पडली होती. धक्क्यावरच्या तिच्या कचेरीत उतारूंच्या जुन्या याद्या लावायचं काम मला मिळालं होतं. टेबलावर याद्या, मांडीवर आठ महिन्यांची चिमी.

चौथ्या दिवशी एका बुडालेल्या आगबोटीची यादी हाती आली. एकशे त्रेचाळीस नावं आणि प्रत्येकापुढे 'सापडला' किंवा 'सापडली'. खाली कंपनीचा शेरा : मोजणी जुळली, शोधहोड्या परत बोलावल्या. चला, सगळे वाचले म्हणायचे. मग दिसलं, अकरा बायकांच्या नावांशेजारी कागद ओला होता. तान्ह्या मुलाच्या तळहाताएवढे डाग. टिपकागद दाबला, तरी पुन्हा ओले.

काकांना विचारलं. चष्मा पुसत ते सांगू लागले. मांडीवरच्या मुलाला तेव्हा तिकीट लागत नसे, म्हणून यादीत त्याचं नावही नसे. त्या बायका किनाऱ्यावर आक्रोश करत होत्या आणि कंपनीचा साहेब त्यांना यादी दाखवत होता.

संध्याकाळी फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "आज लेक घरी वाटतं?"

चिमी माझ्या कडेवर होती. म्हातारा झालाय, दिसत नसेल, मी स्वतःला समजावलं.

सासूबाईंनी रोजच्यासारखे दारातच हात पुढे केले आणि चिमीऐवजी माझी पिशवी घेतली.

जेवताना नवरा म्हणाला, "घर आज किती शांत वाटतंय गं."

चिमी तेव्हा रडत होती.

सकाळी तिला छातीशी धरून धावतच कचेरी गाठली. हजेरीच्या वहीत तिचं नाव लिहिलं. शाई फुटली. खाली पुन्हा लिहिलं. तिथेही कागद ओला होता.

काका वाकून बघू लागले.

"कोणाचं नाव लिहिताय, ताई?"

तेव्हापासून इथेच बसले आहे. मांडीवर वजन आहे. मघापासून ते गार पडत चाललंय. मान खाली घालायचा धीर होत नाही.

इथवर वाचलंत, तर एवढं करा. माझ्या मांडीवर एकदा बघा.

आहे ना ती?